बिलावरचं ‘ए. सिल्क’ म्हणजे ए ग्रेड नव्हे!

लिहू की नको, असं महिनाभर चाललं होतं. घरचे म्हणतात, कशाला आपली फजिती चव्हाट्यावर? पण काश्मीरच्या सहली पुन्हा सुरू होताहेत, म्हणून लिहितेय.

श्रीनगरला ड्रायव्हरने गालिच्यांची ‘फॅक्टरी’ दाखवायला नेलं. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. कहवा, माग, ‘घ्यायलाच पाहिजे असं नाही मॅडम’. 4 बाय 6 चा सिल्कचा गालिचा, सांगितले 1,85,000, ठरले 72,000. पैकी 50,000 यूपीआयने, 22,000 रोख. कुरिअरचे 1,800 वेगळे. इकडून फिका, तिकडून गडद दिसतो म्हणून आम्ही आ वासून बघत होतो. व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला नकली रेशमी धागा, तोही तस्साच दिसतो, हे आता कळतंय.

मी काही अडाणी नाही. येवल्याला जाऊन पैठणी पारखून घेणारी बाई आहे. म्हणून मीच म्हटलं, धागा जाळून दाखवा. दाखवला. जळक्या केसांचा वास, राख चिमटीत चुरली. रेशीमच! पण तो धागा त्याने ड्रॉवरमधून काढला होता हो. गालिचा माझ्या पायाशी पसरलेला आणि हा ड्रॉवर उघडतोय. मी बघितलं, आणि वर मान डोलावली. अजून रात्री तो ड्रॉवर सरकल्याचा आवाज येतो. धागा आपण घेणार त्याच गालिच्यातून उपटायला लावा. तोही वरच्या लवेतून, झालरीतून नाही.

घरी भाच्याच्या हातून पाणी सांडलं. नुसतं पाणी! वाळल्यावर तिथली लव राठ झाली, पिवळा डाग पडला. एक धागा काडीने पेटवला तर कागदासारखा भुर्रकन जळला, वासही कागदाचाच. ड्रायक्लीनरने तर हात लावायलाच नकार दिला.

मग बिल नीट वाचलं. ‘ए. सिल्क’. मी समजले, ए ग्रेड. ते आर्ट सिल्क, म्हणजे नकली. बांबू सिल्क, बनाना सिल्क या नावांखालीही बहुतेक वेळा व्हिस्कोसच खपवतात. शिवाय ‘वाटेत बदलायला नको’ म्हणून गालिच्याच्या पाठीवर माझीच सही घेतलेली.

इथल्या चौकीत म्हणाले, प्रकार तिकडचा, तिकडे जा. तिकडे फोन केला तर लेखी पाठवा. पाठवलं, तर ईमेल परत आला. ग्राहक हेल्पलाइनने तक्रार परस्पर ‘निकाली’ काढली, कारण दुकानदार म्हणतो बिलात लिहिलंय. एक साहेब तर म्हणाले, ‘ताई, गालिचा मिळाला ना पण?’ मिळाला की! 73,800 चं पायपुसणं मिळालं. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, हे यांच्यापैकी एकानेही सांगितलं नाही. सांगितलं शेजारच्या वकीलकाकांनी.

काश्मिरी हातविणीच्या गालिच्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, तपासून क्यूआर कोडचं लेबल लावून मिळतं. मी मागितलंच नाही. तुम्ही मागा. आणि बिलावर ‘शुद्ध रेशीम’ अक्षरी लिहून घ्या, बघा पेन कसं अडखळतं ते.

तक्रार दाखल केलीय. गालिचा गुंडाळून माळ्यावर टाकलाय. पुरावा आहे, तोवर झटकायचासुद्धा नाही म्हणे.