हातचं जरदोसी सांगून मशीनची शेरवानी दिली, लग्नाची खरेदी करणाऱ्यांनी वाचा

डिसेंबरात धाकट्या भावाचं लग्न झालं, रिसेप्शनच्या शेरवानीत आम्ही चांगलेच फसलो, आणि आता परत लग्नसराई आली म्हणून हे सविस्तर लिहितोय.

दुकान मोठं, एसी, बाहेर दोन-दोन पुतळ्यांना शेरवान्या घातलेल्या. भावाला एक क्रीम रंगाची आवडली, गळ्यावर आणि बाहीच्या कडेला भरगच्च वर्क, सेल्समन म्हणाला सगळं हातचं जरदोसी, म्हणजे जरीच्या तारेचं भरतकाम आहे आणि कापड प्युअर रॉ सिल्क. तो पीस ४२ साइजचा होता, भावाला ३८ लागतो. "हेच डिझाईन मापात बनवून देतो साहेब, लखनौला आपले कारागीर आहेत." ३८,५०० ठरले, २५,००० मी तिथेच यूपीआयने भरले. पावती कच्ची मिळाली, त्यावर फक्त "शेरवानी सेट", खाली नो एक्सचेंज नो रिफंडचा शिक्का. लग्न १० डिसेंबरला, डिलिव्हरी २८ नोव्हेंबरला.

२८ ला फोन केला तर कारागीर गावाला गेलाय. मग पार्सल निघालंय, मग फिटिंग चालूय. शेवटी ८ ला रात्री नऊ वाजता, शटर अर्धं खाली आलेलं असताना बोलावलं, आधी बाकीचे १३,५०० घेतले आणि मग बॉक्स दिला. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. घरात पाहुणे, दुसऱ्या दिवशी हळद, अशा वेळी कोण भांडत बसणार आणि दुसरी शेरवानी आणणार तरी कुठून? दुकानदाराला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

हळदीच्या रात्री मामी बघायला आली. ती आरी वर्कचे, म्हणजे आकडीच्या सुईने भरलेले ब्लाऊज करते, क्लासपण घेते. तिने वर्कवरून नुसता हात फिरवला, मग बाजूच्या कटपाशी अस्तर जरा सुटलं होतं तिथून आत बघितलं आणि म्हणाली, "अरे, हे कॉम्प्युटर मशीनचं आहे."

तिने जे दाखवलं ते सगळ्यांना माहीत असायला हवं. मशीनच्या कामाला मागून एकसारखा पांढरा बॉबिनचा, म्हणजे मशीनच्या खालच्या रिळाचा दोरा दिसतो आणि कापड ताठ राहावं म्हणून लावलेल्या पेपरचे तुकडे टाक्यांत अडकलेले असतात. खऱ्या जरदोसीत कापड लाकडी चौकटीवर, ते लोक अड्डा म्हणतात, ताणून बसवतात आणि दबका म्हणजे तारेची बारीक स्प्रिंग, तिचे तुकडे कापून एकेक सुईने ओवून टाचतात, त्यामुळे मागून गाठी आणि वेडेवाकडे दोरे असतात आणि दोन फुलं अगदी सारखी कधीच येत नाहीत. आमच्या शेरवानीवरची सगळी फुलं टाक्याला टाका सारखी होती. दबका तर कुठेच नव्हता, नुसता चकचकीत प्लास्टिक जरीचा दोरा, आणि खडे गमने चिकटवलेले. शिवणीच्या आतल्या बाजूच्या कापडाचे दोनतीन धागे काढून तिने जाळले, तर ते वितळून काळी कडक गोळी झाली. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरडली जाते. म्हणजे कापडपण पॉलिस्टर.

मशीनचं वर्क वाईट असतं असं मी म्हणत नाही, खूप लोक ते आवडीने घेतात आणि बजेटमध्ये बसतं. मशीनचं सांगून मशीनच्या भावात द्या ना, आमची तक्रार एवढीच आहे.

भावाने तीच घातली. तास-दीड तासात मान लालेलाल झाली, स्टेजवर फोटो काढताना खडे गळत होते आणि आई ते वेचून पदरात बांधत होती, ते बघून मला फार वाईट वाटलं.

लग्नानंतर चौथ्या दिवशी दुकानात गेलो. मालक म्हणाला वापरलेला माल परत होत नाही आणि हँडवर्क असं आम्ही बोललोच नव्हतो. नशिबाने ऑर्डरच्या आधी सेल्समनने व्हॉट्सॲपवर त्या पीसचा फोटो पाठवला होता आणि खाली स्वतः लिहिलं होतं, हँड जरदोसी, प्युअर रॉ सिल्क. तेवढाच पुरावा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली तेव्हा कळलं की त्या शिक्क्याला घाबरायचं कारण नाही, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे, बिलावर मुदत नसेल तर ३० दिवस धरतात, आणि बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. हेल्पलाइनकडून विचारणा गेल्यावर दुकानाने १०,००० देऊ केले, आम्ही घेतले नाहीत.

तुम्ही घ्यायला जाल तेव्हा पीस उलटा करून दाखवायला सांगा, अस्तर लावलेलं असेल तर खालची कड उसवून दाखवा म्हणा, खरं काम असेल तर दुकानदार आनंदाने दाखवतो. रेशीम सांगत असतील तर सिल्क मार्कचं, म्हणजे अस्सल रेशमाच्या खुणेचं लेबल आहे का विचारा. बिल पक्कं, जीएसटी नंबरचं, त्यावर कापड आणि कामाचा प्रकार लिहून. डिलिव्हरी निदान तीन आठवडे आधीची घ्या आणि उशीर झाला तर ॲडव्हान्स परत, हे लिहूनच घ्या. बाकीचे पैसे दिवसाउजेडी बॉक्स उघडून बघितल्यावरच.

आता जिल्हा ग्राहक आयोगात ई-जागृती पोर्टलवरून तक्रार टाकतोय, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. अस्तर पूर्ण उसवून मागच्या बाजूचे फोटो काढलेत, आईने पदरात बांधलेले खडेपण एका पाकिटात घालून ठेवलेत.