पझल क्वेस्ट : मणी माझे, डाव त्याचा

सॅम्पल सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, फिरायला लावलं की दहा मिनिटं माझ्या हातात काही नसतं. रात्रपाळी, मिरजेतलं एक हॉस्पिटल, तळमजल्यावरची लॅब. फोन काढला तर तो सोडवत नाही आणि वॉर्डातून बोलावणं आलं की चिडचिड होते. म्हणून गेली काही वर्षं माझ्या डब्याच्या पिशवीत निन्टेंडो डीएस लाइट असतं, हातात धरून खेळायचं, दोन पडद्यांचं घडीचं गेमयंत्र. मावसभावाने अमेरिकेहून परत येताना आणलं होतं, त्याच्या मुलाचा जीव त्यातून उडाल्यावर ते माझ्याकडे आलं. सोबत तीन काड्या, म्हणजे कार्ट्रिज. त्यातल्या दोन गाड्यांच्या शर्यती, त्या मी भाच्याला देऊन टाकल्या. तिसरी 'पझल क्वेस्ट : चॅलेंज ऑफ द वॉरलॉर्ड्स'. ती अजून यंत्रातून बाहेर निघालेली नाही.

गेम २००७चा आहे. मेलबर्नच्या इन्फिनिट इंटरॅक्टिव्हने बनवलेला. तिथले स्टीव्ह फॉकनर त्याआधी कित्येक वर्षं 'वॉरलॉर्ड्स' नावाचे सैन्य हलवायचे, शहरं जिंकायचे खेळ बनवत होते. त्याच जगात त्यांनी मणी जुळवायचा पट आणून बसवला. मणी जुळवणं तेव्हाही नवं नव्हतं, 'बीज्वेल्ड' २००१पासून लोक ऑफिसात चोरून खेळतच होते. आपल्याकडे हा प्रकार कँडी क्रशने घरोघरी नेला, पण ते २०१२ नंतरचं. कँडी क्रशमध्ये तुम्ही एकट्याच पटाशी झगडता. इथे समोर कुणीतरी बसलेलं असतं. सांगाडा, गॉब्लिन, ऑगर, मिनोटॉर, जे रस्त्यात आडवं येईल ते.

आठ बाय आठचा पट. शेजारच्या दोन मण्यांची अदलाबदल करून एकसारखे तीन ओळीत आणायचे, ते उडतात आणि वरचे खाली येतात. लाल, हिरवे, पिवळे, निळे मणी जुळवले की त्या त्या रंगाची मॅना जमते, म्हणजे मंत्र टाकायचं इंधन. जांभळ्या चांदण्यांनी अनुभव वाढतो, सोन्याच्या नाण्यांनी पैसे मिळतात. आणि कवट्या. तीन कवट्या जुळल्या की समोरच्याला थेट मार. मधेच लाल कवटी येते, ती पाचाचा जादा मार देते आणि फुटताना शेजारचे मणीही घेऊन जाते. चार एका ओळीत जुळले तर आणखी एक खेळी मिळते, पाच जुळले तर वर एक जोकर. हे सगळं शिकायला मला एक रात्र लागली. हरायचं थांबायला तीन आठवडे.

कारण पट एकच आहे, दोघांचा मिळून. माझी खेळी झाली की त्याच पटावर त्याची. हे वाचून कळतं, पण हाताला कळायला वेळ लागतो. मला ते सासूबाईंनी दाखवलं. त्या पोस्टातून निवृत्त झालेल्या, आणि रमीत आमच्या गल्लीत त्यांच्याशी पैसे लावून कुणी बसत नाही. एका दुपारी मी झोपेतून उठून चहा घेत खेळत होते, त्या मागे उभ्या राहून बघत होत्या. समोर ऑगर. त्याचा जीव अकरा उरलेला, माझा चार. मला निळे तीन उभे दिसले, हातात आलेलं कोण सोडतं, मी घेतले. तो रकाना तीन घरं खाली आला आणि वरून उतरलेली एक कवटी नेमकी दोन कवट्यांच्या शेजारी, एक घर वर येऊन थांबली. ऑगरने ती एक घर खाली ओढली. तीन कवट्या. वरून काय काय पडलं ते जुळत गेलं, त्याला पुन्हा खेळी मिळाली, संपलं. माझा चहा तसाच.

"अगं, तू आपली निळे निळे करत बसलीस," सासूबाई म्हणाल्या. "त्याला काय सोडतेयस ते बघितलंस का? बदाम मागणाऱ्यापुढे बदाम टाकल्यासारखं झालं."

तेव्हापासून मी पट वाचायची पद्धतच बदलली. आधी मला काय मिळतं ते नाही, मी हात काढून घेतल्यावर तिथे काय उरतं ते. कित्येकदा हिरवे चार समोर असताना मी मुकाट्याने कोपऱ्यातल्या तीन कवट्या काढते, मार नगण्य असला तरी, कारण ठेवल्या तर त्याच्या हाती जातील. एखादा रंग मला कामाचा नसला तरी समोरचा त्याच रंगावर मंत्र उभा करत असेल तर तो रंग आधी उचलायचा. रमी खेळणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. मला वाटतं हा गेम मुळात मणी जुळवणाऱ्यांचा नाहीच, पत्ते खेळणाऱ्यांचा आहे.

आता गोष्ट. खरं सांगायचं तर गोष्ट यथातथाच. इथेरिया नावाचं राज्य, मृत्यूचा देव लॉर्ड बेन, मढी उठून चालायला लागतात, तुम्ही शूरवीर. चार जातींतून एक निवडायची: ड्रूइड, नाइट, वॉरियर, विझार्ड. मी विझार्ड घेतली, फायरबॉल या तिच्या आगीच्या मंत्रासाठी. तो टाकताना एक मणी निवडला की तो आणि भोवतालचे आठ असे नऊ एकदम उडतात. मधे मधे लेखकाला मस्करी सुचली आहे, ती मात्र मस्त. ड्रोंग नावाचा एक ऑगर तुमच्यासोबत येतो आणि त्याला जगातला प्रत्येक राक्षस चाखून बघायचा असतो. त्याच्यासाठी शिकारी करत फिरण्यात माझी एक अख्खी पाळी गेली. राजकन्या सेराफिनचं लग्न तिच्या मनाविरुद्ध ठरलंय, तिला पोचवायचं की सोडून द्यायचं, हे तुम्ही ठरवता. मी सोडली. ती नंतर सोबत लढायला आली, म्हणजे फायदाच झाला.

गावात स्वतःचा किल्ला बांधता येतो आणि इथे गेम फार हुशार आहे. एकाच जातीच्या शत्रूला काही वेळा हरवलं की त्याला पकडता येतं. पण पकडायचं म्हणजे काय? एक ठरावीक मांडणी समोर येते आणि सगळे मणी संपवायचे, एकही उरता कामा नये. इथे नशीब नाही, वरून नवे मणी पडत नाहीत. शांत डोक्याचं कोडं. पकडलेल्याकडून मंत्र शिकायचा, त्याला खोगीर घालून त्यावर बसायचं, भट्टीत शस्त्रं घडवायची, प्रत्येकाचा पट तोच पण नियम वेगळा. मंत्र शिकताना पट अडला की सगळी मेहनत पाण्यात. एका मंत्रासाठी मी तीन रात्री घालवल्या आणि तो मिळाल्यावर एकदाही वापरला नाही.

खटकणाऱ्या गोष्टी आहेतच. रस्त्यांवर तेच तेच उंदीर आणि वटवाघळं पुन्हा उगवतात. चाळिसाव्या लेव्हलच्या माणसाला उंदराशी आठ मिनिटं लढायला लावणं हा वेळेचा अपमान आहे. डीएसचा पडदा लहान, पट खालच्या पडद्यावर, मणी तांदळाएवढे नसले तरी साबुदाण्याएवढे. पडद्यावर टेकवायचं पेन जरा सरकलं की शेजारचा मणी उचलला जातो, आणि न जुळणारी खेळी केली तर दंड बसतो. हातमोजे घालून तर खेळूच नका. (मी एकदाच खेळले. तेही नवे, कोरे मोजे होते, उगाच तोंड वाकडं करू नका.) अक्षरंही बारीक, चाळिशी ओलांडलेल्यांनी चष्मा जवळ ठेवावा.

आणि मोठी तक्रार, जी हा गेम खेळलेला प्रत्येक जण करतो: कॉम्प्युटर चोर आहे. त्याची खेळी झाली की वरून नेमक्या कवट्या कशा पडतात? बनवणाऱ्यांनी हा आरोप कधीच मान्य केला नाही. त्यांचं म्हणणं, वरून काय पडणार ते त्यालाही दिसत नाही. मी चिडून एकदा वहीत टिपायला लागले, माझ्या खेळीनंतर किती वेळा आपोआप जुळलं आणि त्याच्या किती वेळा. चार डाव झाल्यावर आकडे जवळपास सारखेच निघाले. वही मिटली. पण ऑगरला लागोपाठ तीन जादा खेळ्या मिळाल्या की मी आजही त्याला चोरच म्हणते.

रात्रपाळीवाल्यांसाठी मात्र याहून बरा गेम मला माहीत नाही. एक लढाई साधारण सेंट्रिफ्यूजच्या एका फेरीएवढी. बेल वाजली की झाकण मिटायचं, यंत्र झोपतं. रिपोर्ट देऊन परत आलं की पट जिथे होता तिथेच. हरलात तरी त्या डावात जमलेलं सोनं आणि अनुभव तुमचाच राहतो, त्यामुळे पहाटे चारला हरल्याचा राग घरापर्यंत येत नाही. जुनं डीएस शोधत बसायचं नसेल तर २०१९मध्ये निन्टेंडोच्याच स्विच या यंत्रावर 'द लीजंड रिटर्न्स' या नावाने तो पुन्हा आला आहे. पडदा मोठा, बाकी खेळ तोच.

माझा प्रश्न सध्या वेगळाच आहे. गेल्या आठवड्यात ड्युटीवरून आले तर यंत्र टीव्हीशेजारी चार्जिंगला लावलेलं, आणि माझी विझार्ड दोन लेव्हल पुढे. प्रत्येक लेव्हलला मिळणारे गुण कुठे घालायचे हे खेळणारा ठरवतो, मी सगळे आगीवर घालते, फायरबॉलसाठी. इथे सगळे कनिंगवर गेलेले, म्हणजे पहिली खेळी कुणाची ते ठरवणाऱ्या खात्यात. सासूबाई पोळ्या लाटत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "आधी उचलायला मिळालं नाही तर तुझी ती आग काय कामाची? आणि हो, उंदीर सगळे मारून ठेवलेत रस्त्यावरचे."