नोंद कुठं द्यायची: सहकारी की खासगी?

जून संपत आला की आमच्या गोदाकाठच्या पट्ट्यात एकच विषय असतो. आडसाली, म्हणजे दीड वर्षाच्या उसाच्या लागणीची नोंद कुठल्या साखर कारखान्याकडं? यंदा भाच्यानं विचारलं. तो पुण्यातली नोकरी सोडून घरची चार एकर बघायला आलाय. फोनवर त्याला जे तुकड्या-तुकड्यानं सांगितलं, तेच इथं सलग लिहितो. एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, कशी काढतात, तोडणी-वाहतूक कुणाच्या खिशातून जाते, हे त्याला ठाऊक आहे, तुम्हालाही असेल, म्हणून ते सोडतो.

माझा अनुभव एकाच बांधावरचा. पाच एकरांपैकी तीन एकरांची नोंद जुन्या सहकारी कारखान्याकडं, कारण वडिलांचा शेअर आहे. सर्टिफिकेट अजून लोखंडी पेटीत, घडीवर फाटायला आलेलं. उरलेले दोन एकर २०१६ पासून एका खासगी कारखान्याकडं. माती, पाणी, बेणं एकच. त्यामुळं फरक पडला तो कारखान्याचाच, असं मी धरून चालतो. शास्त्रज्ञ मान्य करणार नाहीत कदाचित.

आधी खासगीचं चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. काट्यावरून ट्रॉली खाली होते न होते तोच मोबाईलवर वजनाचा मेसेज. कायद्यानं बिल चौदा दिवसांत द्यायचं असतं आणि चुकलं तर पंधरा टक्के व्याज. हे सहकारीवाल्यांना बहुधा फक्त आंदोलनाच्या वेळी आठवतं. खासगीनं मला तीन हंगाम बाराव्या-तेराव्या दिवशी पैसे दिले. सहकारीचं त्याच काळातलं एक बिल होळीचं पाडव्याला आणि पाडव्याचं अक्षय तृतीयेला असं सरकत गेलं. उसाची टंचाई असली की खासगीचा स्लिपबॉय, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणारा पोरगा, स्वतः मोटारसायकलवर वस्तीवर येतो, चहा पितो, "काका, यंदा सगळा आम्हालाच द्या" म्हणतो. टनामागं शंभर-दीडशे जास्तही मिळाले आहेत. अशा वर्षी सहकारीच्या गट ऑफिसात गेलं तर शिपाई म्हणतो, साहेब चेअरमनच्या पुतण्याच्या लग्नाला गेलेत.

मग निम्म्याहून जास्त ऊस मी अजून सहकारीलाच का घालतो? २०२१-२२ मुळं.

त्या हंगामाची आकडेवारी सगळ्यांनी ऐकलीय. महाराष्ट्रानं सुमारे १३७ लाख टन साखर काढून उत्तर प्रदेशला मागं टाकलं. पण पेपरात हा विक्रम छापून येत होता तेव्हा मराठवाड्यात आणि नगरकडच्या काही भागात ऊस उभाच होता. कारखाने जूनपर्यंत चालले. मे महिन्यापासूनच्या गाळपाला सरकारनं उतारा, म्हणजे उसातली साखर, घटल्याबद्दल टनामागं २०० रुपये अनुदान दिलं, लांबच्या वाहतुकीचे पैसे वेगळे.

माझी लागण जुलै २०२० ची. डिसेंबरात तोड यायला हवी होती. खासगीच्या वहीत दोन एकरांची तारीख डिसेंबरचा दुसरा आठवडा होती. आली नाही. स्लिपबॉयला फोन केला तर म्हणाला तोडणी मजुरांची टोळी कमी पडलीय. संक्रांतीनंतर स्लिपबॉय बदलला. नवा म्हणाला, मागच्या तारखांची मला माहिती नाही. फेब्रुवारीत तिसरा आला. शेतकी अधिकाऱ्याचा नंबर मिळवला, तर त्यांची बदली दुसऱ्या युनिटला झालेली. शेवटी हेल्पलाइन. बाई फार गोड बोलायच्या. "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे." माझ्या तीन तक्रारींचे तीन नंबर अजून डायरीत आहेत. इकडं ऊस तुऱ्यावर आला, कांड्यांना पांगशा म्हणजे बाजूचे कोंब फुटले, मधे दशी पडली, म्हणजे ऊस आतून पोकळ झाला. एप्रिलात कोयता लागला तेव्हा वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडेही वाळून गेले होते, जनावरांनी तोंड लावलं नाही. एकरी बेचाळीस टनांचा अंदाज होता, मिळाले सव्वीस.

सहकारीनंही तोड उशिराच दिली, हे लपवत नाही. तीन एकरांना फेब्रुवारीचा शेवट उजाडला. टोळीच्या मुकादमानं खुशाली, म्हणजे वरचे पैसे मागितले, तेही दिले. पण मधल्या दोन महिन्यांत मी काय केलं, ते भाच्याला मुद्दाम सांगितलं. आमच्या गटाचा संचालक शेजारच्या गावचा. बाजारच्या दिवशी तो दवाखान्यासमोरच्या लिंबाखाली बसतो. तिथं मी आणि आणखी चौदा-पंधरा जण गेलो. आवाज चढले. मी तर वडिलांच्या शेअरचा नंबरच पाठ म्हणून दाखवला. तो आधी चिडला, मग पाणी मागवलं, मग वही काढली. पुढल्याच वर्षी त्याची निवडणूक होती, हे त्याला माहीत आणि आम्हालाही. आठव्या दिवशी टोळी फडात.

दर, वजन, बिल यांत माझं मन फारसं अडकत नाही, ते वर्षागणिक खालीवर होतं. खासगीकडं मला भांडायला माणूसच सापडला नाही, ही गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही.

बाहेरची हवा दोघांनाही सारखीच लागते. १९९८ ला साखर उद्योगाला लायसन्स लागायचं बंद झालं. झोनबंदी, म्हणजे आपल्या भागातल्या ठरलेल्या कारखान्यालाच ऊस घालायची सक्ती, उठली. मग इथेनॉलचं वारं आलं, सगळ्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभ्या केल्या, आणि डिसेंबर २०२३ ला दिल्लीतून एक आदेश आला की रसापासून इथेनॉल बंद. थोडी सूट लगेच मिळाली, पूर्ण बंदी उठायला पुढचा ऑगस्ट लागला. एफआरपी २०१८-१९ ला टनाला २,७५० होती, २०२५-२६ ला ३,५५०. साखरेचा किमान विक्री दर २०१९ ला ३१ रुपये किलो झाला आणि २०२५-२६ चे बॉयलर पेटले तेव्हाही ३१ च. यात कुणालाही दम लागेल. असल्या वेळी खासगीवाला हिशेब करतो आणि तोट्याचा भाग सोडून देतो. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. सहकारीला आपल्या सभासदाचा ऊस सोडून जाता येत नाही. धंदा म्हणून बघितलं तर ही त्याची अडचणच, पण मे महिन्यात फड उभा असेल तर मला त्याच अडचणीचा आधार वाटतो.

भाचा हुशार आहे. म्हणाला, मामा, मग इतके सहकारी बुडाले कसे? बरोबर आहे. प्रवरेच्या सहकारी कारखान्याचा १९५०-५१ चा पहिला हंगाम विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगीळांनी ज्या विश्वासावर काढला, तो पुढं बऱ्याच ठिकाणी सत्यनारायणाच्या प्रसादासारखा वाटून संपवला. नोकरभरती गाळपाला लागेल तितकी नव्हे, मतांना लागेल तितकी. राज्य सहकारी बँकेनं थकलेल्या कर्जापोटी कारखाने लिलावात काढले. शेजारच्या तालुक्यात असाच एक आहे. आज तिथं दुसऱ्याच नावाची पाटी आणि सभासदांच्या हातात कागद. मी त्याच्या शेवटच्या सभांपैकी एकीला मेव्हण्याबरोबर गेलो होतो. अहवालाचं पहिलं पान वाचून व्हायच्या आत मंडपाच्या मागून "मंजूर, मंजूर" सुरू झालं. एक म्हातारे गृहस्थ माईकजवळ उभे राहून तोट्याचं पान विचारत होते. माईकची वायर कुणीतरी काढली. मेव्हणा तेव्हा हसला होता. त्याचाही शेअर होता.

म्हणून सहकारी म्हणजे डोळे झाकून बरा, असं मी म्हणणार नाही. तुमच्या कारखान्याच्या सभेला एकदा जाऊन बसा. प्रश्न विचारणाऱ्याला बोलू देतात की नाही, एवढंच बघा. बोलू देत असतील तर बिल महिनाभर उशिरा आलं तरी मी तिथंच नोंद देईन. नाहीतर सरळ खासगी, निदान मेसेज तरी वेळेवर येतो. आणि ज्यांना हंगामाच्या आधीच सोसायटीचं कर्ज फेडून नवं उचलायचंय, त्यांना माझा हा सल्ला परवडणार नाही, हेही कबूल.

मी यंदा चार एकर सहकारी, एक एकर खासगी असं केलंय. तो एक एकर यासाठी, की लिंबाखाली बसलेल्या संचालकाला कळायला हवं माझ्याकडं दुसरं दारही आहे. भाच्याचं अजून ठरत नाहीये. नोंदीला जाशील तेव्हा सातबारा आणि पासबुकाची झेरॉक्स ने, आणि लागणीची तारीख वहीत काय पडली ते स्वतः वाच, असं त्याला बजावलंय. माझी एकदा पंधरा दिवस पुढची पडली होती. नेमकी सहकारीच्याच वहीत.