डोमेनवरची प्रायव्हसी: अकरा महिने वापरल्यानंतर

माझ्याकडे दोन डोमेन, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याची नावं, आहेत. पहिलं २०१५ साली घेतलं, तेव्हा फॉर्ममध्ये घरचा पत्ता आणि रोजचा मोबाइल नंबर बिनदिक्कत भरला. दुसरं अकरा महिन्यांपूर्वी घेतलं, ते पहिल्या मिनिटापासून प्रायव्हसी सेवा (नोंदीत आपल्याऐवजी स्वतःचे तपशील दाखवणारी) चालू ठेवून. त्यामुळे फरक आयताच बघायला मिळाला.

पहिलं डोमेन घेतल्यावर दुसऱ्याच दिवशी फोन सुरू झाले. "मॅडम, वेबसाइट बनवायची आहे ना?" मी कुणालाच सांगितलं नव्हतं, मग यांना कसं कळलं? तेव्हा डोमेन कुणाच्या नावावर आहे ते हूइज या सार्वजनिक नोंदीत कुणालाही बघता यायचं, नाव-पत्ता-फोन-ईमेलसकट. नव्या नोंदींच्या याद्या काढून त्या विकणं हा धंदाच होता. २०१८ च्या मे महिन्यात युरोपचा जीडीपीआर हा खासगी माहितीचा कायदा लागू झाला, डोमेनचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन संस्थेने नियम बदलले आणि माझेही बरेचसे रकाने झाकले गेले. फोन मात्र थांबले नाहीत. जुन्या नोंदींच्या प्रती साठवून ठेवणारे संग्रह आहेत, आणि तिथून आपलं नाव पुसून घेण्याची सोपी वाट मला तरी सापडली नाही. म्हणून नवीन डोमेन घेणाऱ्याला माझं एकच सांगणं असतं: पडदा आधी लावा, सामान मग आत न्या. "आधी घेते, नंतर प्रायव्हसी लावते" म्हटलंत तर मधल्या काळात कुणी प्रत काढली असेल, ती तशीच राहते.

नव्या डोमेनबाबत एकही फोन आला नाही. अकरा महिन्यांत शून्य. पण ही सेवा फक्त हूइजचं दार लावते, बाकीच्या फटी आपल्या आपण बुजवायच्या असतात. माझी पहिली फट म्हणजे फॉर्ममधला 'संस्था' हा रकाना. संस्था-बिंस्था काही नाही, म्हणून मी तिथे स्वतःचंच नाव टाकलं होतं. २०१८ च्या नियमांत व्यक्तीचं नाव, रस्ता, शहर, पिनकोड, फोन झाकायला सांगितलं होतं; संस्थेचं नाव, राज्य आणि देश त्या यादीत नव्हते. प्रायव्हसी सेवा होती म्हणून वाचले, नाहीतर झाकलेलं नाव शेजारच्या रकान्यातून वाकुल्या दाखवत बसलं असतं. रकाना रिकामा केला.

दुसरी फट आणखी गमतीची. साइटच्या एका सबडोमेनला (मुख्य नावाआधी लागणाऱ्या पोटनावाला) मी आडनाव दिलं होतं आणि त्याचं सुरक्षा प्रमाणपत्रही घेतलं. ही प्रमाणपत्रं सार्वजनिक नोंदवहीत चढतात, सबडोमेनच्या नावासकट. तिथे कुठली प्रायव्हसी सेवा पोचत नाही.

आता तक्रारी. सेवा आपल्या ईमेलच्या जागी स्वतःचा एक विचित्र अक्षरांचा पत्ता दाखवते आणि त्यावर आलेली मेल आपल्याकडे पाठवते. निदान पाठवायला हवी. मी दुसऱ्या खात्यावरून चाचणी केली: पहिली मेल आली पण जोडलेली फाइल गायब, दुसरी थेट स्पॅममध्ये. माझं एक छायाचित्र वापरण्याची परवानगी मागणारी एकाची मेल तिथेच दोन आठवडे पडून होती. आता साइटवर साधा संपर्क फॉर्म ठेवलाय, खरं काम असणारा तिथून येतो.

सेवा निवडण्याआधी करार वाचा. मी तो चौथ्या महिन्यात वाचला, हे कबूल करते. काही ठिकाणी मालक म्हणून नोंद आपलीच राहते, फक्त संपर्काचे तपशील बदलून दाखवतात. काही ठिकाणी कागदोपत्री मालक ती सेवाच असते आणि आपण तिच्या परवानगीने डोमेन वापरतो. माझी दुसऱ्या प्रकारची निघाली. भांडण नसेल तोवर फरक जाणवत नाही. शिवाय न्यायालयाचा आदेश आला किंवा नावावरून वाद दाखल झाला तर सेवा खरे तपशील देते, आणि ते योग्यच आहे.

सगळ्यात मोठा घोळ मात्र माझा मीच घातला. रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या, खात्याला मी त्याच नव्या डोमेनवरचा ईमेल दिला. सहाव्या महिन्यात नेमसर्व्हर (डोमेनची साइट आणि मेल कुठे आहे ते सांगणारा सर्व्हर) बदलताना मेलची नोंद टाकायची राहिली, मेल बंद पडली, आणि लॉगिनचा कोड जायचा त्याच बंद पत्त्यावर. खोलीची किल्ली खोलीतच. चार दिवस ओळखपत्रं पाठवत बसले तेव्हा खातं परत मिळालं. आता डोमेनच्या कामांपुरता एक वेगळा ईमेल ठेवलाय, आणि तो या दोन्ही डोमेनपैकी कशावरही अवलंबून नाही.

एका मैत्रिणीचा सल्ला होता, "कशाला या भानगडी, खोटंच नाव भर." तो अजिबात ऐकू नका. नोंदणीनंतर रजिस्ट्रारला १५ दिवसांत आपला ईमेल किंवा फोन पडताळावा लागतो, आणि जाणूनबुजून चुकीची माहिती दिल्याचं उघड झालं तर डोमेन गोठवता किंवा रद्द करता येतं. उद्या मालकी सिद्ध करायची वेळ आली, तर काल्पनिक माणसाचं ओळखपत्र कुठून आणायचं?

डोमेनची शेपटी, म्हणजे डॉटनंतरचा भाग, हीही बघून घ्या. प्रत्येक देशाच्या डोमेनचे नियम वेगळे. डॉट यूएसवर प्रायव्हसी सेवेला २००५ पासून मनाई आहे. प्रायव्हसीची मुदत डोमेनपेक्षा वेगळ्या तारखेला संपते का, हेही तपासा. मी दर महिन्याला आयकॅनच्या लुकअप पानावर स्वतःचंच डोमेन शोधते. २०२५ च्या जानेवारीपासून हूइजची सक्ती संपून त्याच्या जागी आरडॅप ही नवी पद्धत आलीय, पण आपल्याला बघायचं तेच असतं: आपलं काही दिसतंय का.

जुन्या डोमेनची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय. सोडून द्यावंसं फार वाटतं. पण त्याच्यावरच्या ईमेलने दहा वर्षांत किती ठिकाणी खाती उघडलीत, देव जाणे. नाव सोडलं आणि दुसऱ्या कुणी घेतलं तर त्या खात्यांचे पासवर्ड बदलायचे दुवे त्याच्या हातात जातील. सध्या खाती एकेक करून नव्या पत्त्यावर हलवतेय. तेवीस झाली. तोवर जुन्याचेही एक वर्षाचे पैसे भरतेय, फोनसकट.