लॉनमधलं तण: खुरपं, औषध की सगळं उपटून नवं लॉन?

पाऊस लागून तीन आठवडे झाले की पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांच्या लॉनचा रंग बदलतो. मेक्सिकन गवताचा गडद हिरवा मागे पडतो आणि त्यातून फिकट, चकचकीत पाती वर येतात. गवत कापायचं मशीन मारून तीन दिवस होत नाहीत तोच ती बोटभर वाढलेली असतात. मग कमिटीत तीन मतं पडतात. कोणी म्हणतं खुरपायला माणसं वाढवा, कोणी म्हणतं औषध मारा, आणि कोणी हे सगळं काढून नवं कार्पेट (मातीसकट येणारे तयार गवताचे तुकडे) टाकायला निघतं.

यातला कुठलाच उपाय चुकीचा नाही. प्रत्येकाचं तण मात्र वेगळं आहे. म्हणून खर्चाचा कागद मांडण्याआधी लॉनमध्ये बसा आणि चार-पाच प्रकारची तणं मुळासकट उपटून बघा. निर्णय मुळाकडे बघून होतो, तण किती माजलंय यावरून नाही.

खुरपं कुठे पुरतं

रुंद पानांच्या तणांसाठी. आंबुटी (बदामाच्या आकाराची तीन पानं, पिवळं फूल), तोडल्यावर चीक येणारी दुधी, एकदांडी, केना, घोळ, पाथरी ही सगळी हाताने निघतात. पाऊस उघडून जमीन वाफशावर आली की काढा. चिखलात मूळ तुटतं, कोरड्यात पान हातात येतं. आंबुटीला उशीर करू नका. तिच्या शेंगा वाळल्या की हात लागताच फुटतात आणि बी लांब उडतं. नर्सरीतून आणलेल्या कुंड्यांमधूनच ती बहुतेक वेळा घरी येते, त्यामुळे कुंड्यांतलीही काढा.

गाजर गवतही हातानेच, पण फुलं येण्याआधी आणि हातमोजे घालून. 1950 च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलेलं हे तण आज देशभर आहे. त्याने अंगावर पुरळ उठतं, काहींना दमा होतो. एका झाडाला हजारो बिया धरतात.

हजार चौरस फुटांच्या आतलं लॉन असेल आणि तण याच जातींचं असेल, तर माझा कौल निःसंशय खुरप्याला. एवढ्याशा कामासाठी मुलं लोळतात त्या गवतावर औषध नको. लॉन फार मोठं असेल तर टू-फोर-डी हे तणनाशक रुंद पानांची तणं मारतं आणि गवत राखतं. पण त्याचा तुषार वाऱ्याने टोमॅटो, पपई किंवा द्राक्षाच्या वेलावर गेला तर पानं वेडीवाकडी होतात. त्याचा पंप वेगळाच ठेवा. धुतलेल्या पंपातही अंश राहतो, आणि पुढच्या वेळी तोच पंप गुलाबावर मारला की गुलाब गेला.

लव्हाळा: इथे खुरपं हरतं

तणाचा दांडा दोन बोटांत धरून फिरवा. तीन कडा लागल्या तर ते गवत नाहीच, तो लव्हाळा. खाली खणलं की काळसर गाठी दिसतात, एकीला दुसरी दोऱ्याने जोडलेली. गाठ फोडून वास घ्या, दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा लगेच ओळखू येतो. वनस्पती तीच.

खुरप्याने वरचा तुरा निघतो, गाठ जमिनीतच राहते. शिवाय साखळी तुटली की प्रत्येक गाठ स्वतंत्रपणे फुटते. एकच पक्की गाठ दहा-बारा वेळाही पुन्हा फुटू शकते. आमच्या लॉनवर दोन पावसाळे मी सवड मिळेल त्या रविवारी खुरपं घेऊन बसलो आणि दुसऱ्या वर्षी लव्हाळा दाट झाला. चूक वेळेची होती. रोपाला पाच-सहा पानं यायच्या आत ते काढलं, तर नवी गाठ धरायला वेळ मिळत नाही. हे दर आठवड्या-दोन आठवड्यांनी, खंड न पाडता करायला हवं. चार-पाच फुटांच्या डागावर जमतं, अख्ख्या लॉनवर नाही.

तिथे हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल वापरा. ते मुळात उसातल्या आणि मक्यातल्या लव्हाळ्यासाठी विकलं जातं, पण मेक्सिकन आणि सिलेक्शन-1 ही लॉनची दोन्ही गवतं ते सोसतात. तरी आधी एका कोपऱ्यावर मारून पंधरा दिवस थांबा. पुडीवरची मात्रा एकरी असते आणि एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. एकरी 36 ग्रॅमच्या हिशेबाने हजार फुटांना सुमारे 0.8 ग्रॅमच लागतं. हे चमच्याने मोजायचं काम नाही, बारीक वजनकाटाच हवा. सोबत स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रावण) घाला, नाहीतर गुळगुळीत पानावरून थेंब ओघळून जातो. फवारणीच्या दोन दिवस आधी आणि नंतर मशीन मारू नका. लव्हाळा पिवळा पडायला दोन-तीन आठवडे लागतात, तेवढा धीर धरा. मग दीड-दोन महिन्यांनी उरलेल्या गाठी फुटल्या की दुसरी फवारणी.

दुकानात जाऊन नुसतं 'गवत मारायचं औषध द्या' म्हणू नका. आमच्या शेजारच्या इमारतीत असं ग्लायफोसेट आलं आणि आठवड्यात तण व लॉन दोन्ही वाळून कोळ झालं. ते हिरवं दिसेल ते सगळं मारतं. शिवाय ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला आहे.

नवं लॉन कधी

मेक्सिकन लॉनमध्ये हराळी (म्हणजेच दूर्वा) घुसली असेल तेव्हा. गवतातलं गवत निवडून मारणारं खात्रीचं औषध इथे नाही. डाग लहान असेल तर वीतभर खोल खणून काढा. निम्म्याहून जास्त लॉन हराळीने धरलं असेल तर खुरपणीवर पैसे घालत राहण्यात अर्थ नाही. त्याआधी मात्र एक विचार करा: भरपूर ऊन आहे का? असेल तर हराळीच्याच कुळातलं सिलेक्शन-1 लावून भांडण मिटवता येतं. त्याला मशीन जास्त वेळा मारावं लागतं, पण ते तुडवणंही जास्त सोसतं. आणि गणपतीसाठी दूर्वा हव्यात तर त्या कुंडीत लावा. वाफ्यात राखलेली हराळीच पुढे लॉनमध्ये शिरते.

नव्याचा घाट घातलात तर जून गाठायची घाई नको. एप्रिल-मेमध्ये जमीन भिजवून पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे ताणून ठेवा. वरच्या थरातलं बी उन्हाने मरतं. लव्हाळ्याच्या खोल गाठी मरत नाहीत, म्हणून प्लास्टिक काढल्यावर पाणी द्या, त्यांना फुटू द्या, फुटलेल्या मारा, आणि हे पुन्हा एकदा करा. मगच लावणी.

आता माती. लव्हाळा बहुतेक वेळा ट्रकमधल्या लाल मातीतून, कच्च्या शेणखतातून किंवा कार्पेटच्याच तळाशी चिकटून येतो. उतरवण्याआधी दोन-चार तुकडे उलटे करून बघा, मातीतही हात घालून चाळा. काळ्या गाठी दिसल्या तर ट्रक फाटकातूनच परत पाठवा.