टीव्ही घेताना: एलईडी, क्यूएलईडी, मिनी-एलईडी की ओएलईडी?

दुकानात एलईडी, क्यूएलईडी, मिनी-एलईडी आणि ओएलईडी अशी चार नावे एका रांगेत मांडलेली असली, तरी खरी निवड दोनच प्रकारांत आहे. पहिली तिन्ही नावे एलसीडी पडद्याचीच आहेत: मागे दिव्यांचा उजेड आणि पुढे तो उजेड कमीजास्त अडवणारा द्रवस्फटिकांचा थर. ओएलईडीत मागचा दिवाच नसतो. पडद्यावरचा प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि काळा रंग दाखवायचा असेल तेव्हा पूर्णपणे विझतो. दोन्हींचे बहुतेक गुणदोष या एकाच फरकातून निघतात.

द्रवस्फटिकांचा थर उजेड पुरता अडवू शकत नाही, म्हणून दिवे मालवून चित्रपट पाहताना साध्या एलईडी टीव्हीवरची रात्र राखाडी दिसते. क्यूएलईडीत क्वांटम डॉटचा आणखी एक थर असतो. हे अतिसूक्ष्म कण (त्यांच्या शोधाला २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले) निळ्या उजेडापासून शुद्ध लाल आणि हिरवा उजेड तयार करतात. त्यामुळे रंग खुलतात; काळेपणात मात्र काहीच भर पडत नाही. काळा रंग सुधारतो तो मिनी-एलईडीत, कारण तेथे मागचे असंख्य बारीक दिवे निरनिराळ्या गटांत विभागलेले असतात आणि दृश्याच्या अंधाऱ्या भागामागचा गट तेवढा मंद करता येतो. याला ‘लोकल डिमिंग’ आणि अशा प्रत्येक गटाला ‘झोन’ म्हणतात. त्यामुळे विक्रेत्याला ‘लोकल डिमिंगचे झोन किती?’ हा प्रश्न अवश्य विचारावा. झोन जितके अधिक, तितके चांगले. अर्थात चांगल्या मिनी-एलईडीवरही काळ्या पार्श्वभूमीवरील पांढऱ्या अक्षरांभोवती थोडे तेजोवलय दिसू शकते. ओएलईडीत ते दिसत नाही, वेगवान दृश्ये अधिक रेखीव दिसतात आणि बाजूला बसूनही चित्र फिके पडत नाही. केवळ चित्राचा दर्जा पाहिला, तर अंधाऱ्या खोलीत ओएलईडीच श्रेष्ठ आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तरीही आमच्या वर्तकनगरच्या घरासाठी मी ओएलईडी घेतला नाही, आणि त्याची कारणे ठाण्यातल्या बऱ्याच घरांना लागू पडतील. आमचा हॉल येऊरच्या डोंगराच्या बाजूला, म्हणजे पश्चिमेला उघडतो. दुपारनंतर ऊन थेट आत येते आणि पडदे ओढून घेतले तर वारा अडतो, म्हणून ते कोणी ओढत नाही. अशा उजेडात पडद्याचा लख्खपणा महत्त्वाचा ठरतो. ओएलईडीवर लहानसा भाग अतिशय तेजस्वी दिसतो. परंतु क्रिकेटच्या मैदानासारखे सगळेच दृश्य उजळ असेल, तर वीज आणि उष्णता आटोक्यात ठेवण्यासाठी टीव्ही आपणच तेज कमी करतो. मिनी-एलईडी येथे बराच पुढे आहे.

दुसरे कारण बातम्यांचे. आई-वडील सकाळपासून मराठी वृत्तवाहिनी लावून बसतात, तिच्या कोपऱ्यातले बोधचिन्ह आणि तळाची लाल-पिवळी पट्टी तासन्‌तास जागची हलत नाही. ओएलईडीचे पिक्सेल सेंद्रिय पदार्थाचे असल्याने वापरानुसार झिजतात, आणि एकाच जागी सतत तेच चित्र राहिले तर त्याचा पुसट ठसा कायमचा उमटण्याचा धोका असतो. याला ‘बर्न-इन’ म्हणतात. वॉरंटीत त्याचा समावेश आहे का, हे कागदावर वाचूनच ठरवावे. ही झीज समतोल ठेवणारी प्रक्रिया अनेक ओएलईडी टीव्ही रिमोटने बंद केल्यानंतर, स्टँडबायमध्ये असताना स्वतःहून चालवतात. आपल्याकडे मात्र रात्री भिंतीवरचे बटणही बंद करण्याची शिस्त आहे, आणि वीज तोडली की ती प्रक्रिया होतच नाही. ओएलईडी घेणाऱ्याने घरातल्या सर्वांना हे आधी समजावून सांगायला हवे.

याउलट, नेरूळला राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाला मी ओएलईडीच सुचवला. त्याची टीव्हीची खोली आतल्या बाजूला आहे, घरातले दोघेही नोकरीला जातात, टीव्ही लागतो तो रात्री, आणि तोही चित्रपट किंवा मालिका पाहण्यासाठी. तेथे मिनी-एलईडीचे जादा तेज वाया गेले असते.

एलसीडीच्या बाजूला वळल्यावर पॅनेल व्हीए आहे की आयपीएस (द्रवस्फटिकांच्या मांडणीचे दोन प्रकार), हेही पाहावे. व्हीएत काळा रंग गडद असतो, पण बाजूने पाहिल्यास रंग उतरतात. आयपीएसचे नेमके उलट आहे. जेवणाचे टेबल हॉलच्या कोपऱ्यात असेल आणि तेथून टीव्ही तिरका दिसत असेल, तर हा फरक रोज जाणवतो. आकाराबाबत फार गुंतागुंत नाही: सोफा पडद्यापासून साडेसात-आठ फुटांवर असेल तर ५५ इंच योग्य. ३२ इंचांवरील टीव्हींचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे, त्यामुळे त्याआधीच्या किमती गृहीत धरून हिशेब करू नये.

दुकानातले टीव्ही बहुधा भडक ‘व्हिव्हिड’ मोडवर लावलेले असतात. ज्यांत निवड करायची ते दोन्ही टीव्ही ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोडवर आणायला सांगावेत, आपल्या पेन ड्राइव्हमधले एक रात्रीचे आणि एक भर उन्हातले दृश्य दोन्हींवर लावावे आणि समोरून पाहून झाल्यावर, घरी जेवायला जिथे बसतो तितके बाजूला सरकून पुन्हा पाहावे.