कमोडोर ६४ साठी टर्मिनल: सीसीजीएमएस की नोव्हाटर्म?

मित्राने जुन्या कमोडोर ६४ ला, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या घरगुती संगणकाला, वायफाय मोडेम लावला आणि आता टर्मिनलवर, म्हणजे मोडेममधून दुसऱ्या संगणकाशी बोलणाऱ्या सॉफ्टवेअरवर, अडलाय. पैशांचा प्रश्न नाही, दोन्ही फुकट मिळतात.

सीसीजीएमएस सुटसुटीत. एका ओळीत ४० कॉलम (अक्षरं), आणि पेटस्कीची, म्हणजे कमोडोरच्या स्वतःच्या अक्षरसंचाची, रंगीत चित्रं जशीच्या तशी उमटतात.

नोव्हाटर्म एकेक मॉड्यूल डिस्कवरून उचलतं. कमोडोरचा संथ १५४१ फ्लॉपी ड्राइव्ह असेल तर तोवर चहा उकळतो. पण ८० कॉलम, व्हीटी १०२ (मोठ्या संगणकांच्या जुन्या टर्मिनलची नक्कल), झेडमोडेम (फाइली पाठवण्याची पद्धत), सगळं त्यात आहे. फक्त ३२० पिक्सेलांत ८० अक्षरं, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ४! जुन्या टीव्हीवर ‘एम’ आणि ‘डब्ल्यू’ ओळखताना डोळे दुखतात.

कमोडोरच्याच बीबीएसवर (मोडेमने जोडून संदेश आणि फाइली पाहायच्या जुन्या फलकांवर) भटकायचं, तर सीसीजीएमएस. युनिक्स मशीनमध्ये लॉगिन करायचं, तर नोव्हाटर्म. मॉनिटर मात्र चांगला हवा.